कॉम्प्युटर रडतोय? फॉरमॅट मारण्याआधी डिस्क बघा

पाच-सात वर्षं जुना लॅपटॉप किंवा असेंबल केलेला पीसी रखडायला लागला की सल्ले ठरलेले असतात. एक म्हणतो व्हायरस शिरला असेल, दुसरा म्हणतो फॉरमॅट मारून घे, तिसरा थेट नवीन घ्यायला सांगतो. तिघांनीही मशीन उघडून पाहिलेलं नसतं. वेळ नेमका कुठे जातोय हे विंडोज स्वतःच दाखवतं आणि ते बघायला दोन मिनिटं पुरतात. घरगुती मशीनमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल, तर बहुतेक वेळा दोषी तीच निघते. ती बदलून एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपवर माहिती साठवणारी डिस्क) बसवणं हे घरच्या घरी जमण्यासारखं काम आहे. मात्र त्यात चुकायच्या चार-पाच जागा आहेत आणि त्यांतली एक चूक सगळे फोटो घालवू शकते. म्हणून जरा सविस्तर.

आधी निदान

मशीन बंद करून सुरू करा. डेस्कटॉप दिसला की काहीही न उघडता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. खिडकी छोटीशी आली तर खाली 'मोअर डिटेल्स'वर क्लिक करा. वर सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी, डिस्क, नेटवर्क असे रकाने आणि त्यांचे टक्के दिसतील.

आता 'परफॉर्मन्स'मध्ये जाऊन 'डिस्क ०'वर क्लिक करा. इथे तीन आकडे बघायचे. 'अ‍ॅक्टिव्ह टाइम' म्हणजे डिस्क किती टक्के वेळ कामात आहे. 'रीड स्पीड' आणि 'राइट स्पीड' म्हणजे प्रत्यक्षात किती माल ये-जा करतोय. 'अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम' म्हणजे एक मागणी पुरी व्हायला किती मिलिसेकंद लागतात. अ‍ॅक्टिव्ह टाइम १०० टक्क्यांवर चिकटलाय, रीड स्पीड मात्र सेकंदाला एक-दोन एमबी आणि रिस्पॉन्स टाइम काहीशे मिलिसेकंद, असं चित्र पाच-दहा मिनिटं तसंच राहिलं तर दुसरं कारण शोधायची गरज नाही. डिस्क जीव तोडून काम करतेय, पण हातात काही पडत नाहीये.

असं का होतं? हार्ड डिस्कच्या आत ग्रामोफोनच्या तबकडीसारखी चकती फिरते आणि एक दांडी तिच्यावरून आत-बाहेर सरकते. लॅपटॉपच्या डिस्कची चकती बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला साधारण ११ मिलिसेकंद. हवी ती जागा दांडीखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद थांबावं लागतं. दांडी योग्य वर्तुळावर सरकायला आणखी १२ च्या आसपास. एकूण सतरा-अठरा मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला जेमतेम ५५-६० वेळा डिस्क नवीन जागी पोहोचू शकते. दर वेळी ४ केबीचा तुकडा उचलला तर सेकंदाला झाले २४० केबी. पाव एमबीसुद्धा नाही!

हीच डिस्क एखादा सिनेमा कॉपी करताना सेकंदाला १०० एमबी देते, कारण तिथे माल ओळीने ठेवलेला असतो. यादी घेऊन वाण्याकडे एकदाच जाणं आणि प्रत्येक जिनसासाठी वेगळी फेरी मारणं, यातला हा फरक आहे. विंडोज सुरू होताना, ब्राउझर उघडताना किंवा अपडेट बसताना हजारो बारीकसारीक तुकडे डिस्कच्या कानाकोपऱ्यातून गोळा करावे लागतात. त्यातच अँटिव्हायरसची तपासणी आणि सर्चची अनुक्रमणिका आपापल्या फेऱ्या त्याच दांडीकडून करून घेत असतात.

एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतं. कुठलाही तुकडा साधारण एक दशांश मिलिसेकंदात मिळतो. खोक्यावर '५५० एमबी प्रति सेकंद' असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, पण घरच्या वापरात खरी कमाई त्या आकड्याची नसते. सेकंदाला ६० च्या जागी काही हजार फेऱ्या होतात, ती कमाई. त्यामुळे जुन्या लॅपटॉपचं सॅटा पोर्ट (डिस्क जोडायची जागा) निम्म्या वेगाचं असलं तरी फरक पहिल्याच दिवशी जाणवतो.

डिस्कऐवजी दुसराच आकडा वर असेल तर मार्ग बदलतो. मेमरी ८५-९० टक्क्यांवर असेल तर रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती जागा, अपुरी आहे. त्याबद्दल पुढे येतंच. सीपीयू सतत १०० टक्के असेल तर 'प्रोसेसेस'मध्ये सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करा, सर्वात वर कोण आहे ते दिसेल. दोन अँटिव्हायरस एकाच मशीनमध्ये असणं हे आपल्याकडे फार आढळतं: एक विकत घेतलेला, एक कधीतरी फुकट मिळाला म्हणून टाकलेला. दोघे एकमेकांची प्रत्येक फाइल तपासत बसतात. एक काढून टाका. विंडोजमधला डिफेंडर घरच्या वापराला पुरेसा आहे.

सीपीयूच्या पानावरचे आणखी दोन आकडे दुकानदारही फारसे बघत नाहीत. पहिला 'स्पीड'. दोन-अडीच गिगाहर्ट्झचा प्रोसेसर काम असतानाही ०.७ किंवा ०.४ वर अडकला असेल, तर मशीन तापल्यामुळे स्वतःला आवरतंय, किंवा लॅपटॉपला चार्जर ओळखू येत नाहीये. काही लॅपटॉप डुप्लिकेट किंवा कमी वॅटचा चार्जर लावला की वेग मुद्दाम पाडतात. चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. आकडा वर गेला तर चोर सापडला. दुसरा आकडा 'अप टाइम'. रोज रात्री शटडाउन करूनही तिथे १२ दिवस दिसले तर दचकू नका. 'फास्ट स्टार्टअप' नावाच्या सोयीमुळे शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद होतच नाही, तो डिस्कवर झोपवून ठेवला जातो. पूर्ण नवी सुरुवात फक्त रीस्टार्टने होते. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट केलं तरी अनेक किरकोळ तक्रारी जातात.

डिस्क मरायला टेकलीय का?

स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी जुन्या डिस्कची तब्येत बघून घ्या. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हा फुकट प्रोग्रॅम उतरवा. तो डिस्कने स्वतःच ठेवलेल्या नोंदी वाचतो. वर 'गुड' किंवा 'कॉशन' असा शेरा येतो, पण त्यावर थांबू नका. खालच्या तक्त्यात ०५, सी५ आणि सी६ या ओळी शोधा. ०५ म्हणजे खराब निघाल्यामुळे बदली जागा दिलेले भाग. सी५ म्हणजे वाचता येत नाहीत आणि निकालही लागलेला नाही असे भाग. सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. या तिन्ही ओळींतल्या 'रॉ व्हॅल्यूज' शून्य असायला हव्यात. आकडे सोळाच्या पायाचे असतात, पण त्याचं गणित करत बसू नका. सी५ शून्य नसेल तर डिस्कवरचा विश्वास संपला.

सी७ ही ओळ मात्र वेगळी. तिथला आकडा वाढत असेल तर चूक डिस्कची नसून बहुधा केबलची असते. डेस्कटॉपमधली सॅटा केबल बदलली की वाढ थांबते. जुना आकडा तसाच राहतो, त्याची काळजी नको.

सी५ वाढलेली असताना लोक सर्वात घातक गोष्ट करतात: डीफ्रॅग (फायलींचे विखुरलेले तुकडे ओळीने लावणारा प्रोग्रॅम) चालवतात किंवा 'चेक डिस्क'ची सखोल तपासणी रात्रभर लावून ठेवतात. धाप लागलेल्या माणसाला गड चढायला लावण्यातला हा प्रकार. अशा डिस्कमधून आधी महत्त्वाचं तेवढं बाहेर काढा, सर्वात मौल्यवान ते सर्वात आधी. 'टक-टक' असा ठरावीक लयीत आवाज येत असेल तर मशीन लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा सुरू करून बघण्यात उरलीसुरली आशा जाते. ते काम डेटा रिकव्हरीवाल्यांचं.

कॉपी काय काय घ्यायची

'माझं सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे, ते सेफ आहे.' हा गैरसमज इतका पक्का आहे की त्याच्यावर थोडं थांबायला हवं. सी आणि डी हे बहुतेक घरांत एकाच डिस्कचे दोन भाग असतात. एकाच खोलीत मधे पार्टिशन टाकल्यासारखे. सी फॉरमॅट केला तर डी वाचतो हे खरं, पण डिस्क गेली की दोन्ही जातात. टास्क मॅनेजरमध्ये 'डिस्क ० (सी: डी:)' असं लिहिलेलं दिसलं तर तुमचा डी वेगळा नाही.

शिवाय सगळं डीमध्ये नसतंच. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे फोल्डर मुळात सीमध्ये असतात. 'सी'मधलं 'यूझर्स' आणि त्यातलं तुमच्या नावाचं फोल्डर आख्खं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड अकाउंटला जोडलेले आहेत का ते पाहा. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) असेल तर तिचं डेटा फोल्डर कुठे आहे ते प्रोग्रॅममध्येच तपासा, बॅकअप घ्या आणि लायसन्स कोणत्या ईमेलवर आहे ते लिहून ठेवा. डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल तर त्याचा ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागेल हे ध्यानात ठेवा.

मराठी माणसासाठी खास गोष्ट फाँटची. युनिकोड (अक्षरं साठवायची आजची प्रमाण पद्धत) येण्याआधीच्या किंवा अजूनही डीटीपीवाल्यांकडून येणाऱ्या फायली श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव अशा फाँटमध्ये असतात. फाइलमध्ये खरं तर रोमन अक्षरंच साठवलेली असतात. त्यांवर देवनागरी आकार चढवायचं काम तो विशिष्ट फाँट करतो. फॉरमॅट मारल्यावर फाँट उडतो आणि सोसायटीची दहा वर्षांची इतिवृत्तं, लग्नपत्रिकेचा मसुदा, आजोबांनी टाइप केलेल्या आठवणी, सगळं अगम्य इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसायला लागतं. फाइल बिघडलेली नसते, फाँट नसतो. म्हणून 'सी'मधल्या 'विंडोज' फोल्डरातलं 'फाँट्स' हे फोल्डरही कॉपी करून घ्या. जमल्यास अशा फायलींची पीडीएफ आत्ताच करून ठेवा, म्हणजे फाँटशिवायही वाचता येतील.

कोणती एसएसडी आणायची

तुमच्या मशीनमध्ये फिरती डिस्क असेल तर अडीच इंची सॅटा एसएसडी जवळजवळ नक्की बसते. ती ७ मिलिमीटर जाडीची असते. जुन्या लॅपटॉपमधली डिस्क ९.५ मिलिमीटरची असू शकते. तेव्हा एसएसडी आत सैल राहू नये म्हणून अडीच मिलिमीटरची प्लास्टिकची चौकट लावतात. काही कंपन्या ती खोक्यात देतात, नसेल तर जुन्या डिस्कच्या पत्र्याच्या चौकटीत स्क्रूने पक्की केल्यावर सहसा गरज लागत नाही. डेस्कटॉपला एक सॅटा डेटा केबल लागेल आणि एसएमपीएसमधून (वीज पुरवणाऱ्या डब्यातून) सॅटा पॉवरचं एक टोक मोकळं आहे का ते पाहा.

एम.२ नावाची च्युइंग गमच्या पट्टीसारखी एसएसडीही मिळते. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. इथे फसगत होते. दिसायला सारख्या पट्ट्यांत दोन जाती आहेत: सॅटा आणि एनव्हीएमई. सॅटाच्या पट्टीला बहुधा दोन खाचा असतात, एनव्हीएमईला एक. तुमच्या मशीनमधला स्लॉट कोणती जात घेतो हे मदरबोर्डच्या (मुख्य सर्किट बोर्डाच्या) किंवा लॅपटॉपच्या मॅन्युअलमध्येच बघायचं. 'बसतंय म्हणजे चालेल' हा नियम इथे लागू नाही.

क्षमता किती? सीमध्ये आत्ता किती भरलंय ते बघा आणि त्याच्या निदान दीडपट घ्या. ५०० जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४६५ दिसते, २४० ची २२३. दुकानदाराने फसवलेलं नसतं; कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. फार भरलेली एसएसडी मंदावते, म्हणून दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवायची.

'एसएसडी लवकर झिजते' ही भीती घरच्या वापरात पोकळ आहे. २४० जीबीच्या साध्या एसएसडीलाही ८० टेराबाइट लिहिण्याची हमी असते. रोज २० जीबी लिहिलं, आणि हे बऱ्यापैकी जास्त झालं, तरी वर्षाला सव्वासात टेराबाइट. म्हणजे अकरा वर्षं. खरा धोका वेगळा आहे. हार्ड डिस्क मरताना बहुधा कुरकुरते, एसएसडी एखाद्या सकाळी दिसेनाशीच होते. पुसलेला डेटा परत मिळवणंही तिच्यात फार अवघड. त्यामुळे नावाजलेल्या कंपनीची, बिलासकट घ्या आणि ऑनलाइन अविश्वसनीय स्वस्तात मिळणाऱ्या 'दोन टीबी'च्या वाटेला जाऊ नका.

क्लोन की नवी विंडोज?

जुनी विंडोज नीट चालत असेल, फक्त हळू असेल, तर क्लोन करा, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर घ्या. सगळं जसंच्या तसं मिळतं. विंडोजच बिघडलेली असेल, निळे पडदे येत असतील, किंवा कुणीतरी क्रॅक (लायसन्सला बगल देणारा प्रोग्रॅम) टाकून चालू केलेली असेल, तर ती घाण नव्या डिस्कवर नेण्यात अर्थ नाही. क्रॅक करणाऱ्या प्रोग्रॅमना डिफेंडर बंद करायला लावायची खोड असते आणि त्याच दारातून बाकीची मंडळी आत येतात. कॉम्प्युटरबरोबर मिळालेलं विंडोज ११ किंवा १० चं अस्सल लायसन्स सहसा मदरबोर्डाशी बांधलेलं असतं. डिस्क बदलल्याने ते जात नाही.

नवी विंडोज टाकायची तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं 'मीडिया क्रिएशन टूल' वापरून ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर ती तयार करा. एक पथ्य कसोशीने पाळा: इन्स्टॉल करताना फक्त नवी एसएसडीच जोडलेली ठेवा. जुनी डिस्कही जोडलेली असली तर विंडोज कधीकधी सुरुवातीचा बूटचा भाग जुन्या डिस्कवरच ठेवते. मग सहा महिन्यांनी ती डिस्क काढली की मशीन सुरूच होत नाही आणि कुणाला कारण कळत नाही.

क्लोनसाठी सॅटाला यूएसबी जोडणारी केबल लागेल. अडीच इंची डिस्कला यूएसबीची वीज पुरते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अ‍ॅडॅप्टर लागतो. सॉफ्टवेअर बहुतेक मोठ्या एसएसडी कंपन्या आपल्या ग्राहकांना फुकट देतात. क्लोनझिला हा मुक्त पर्यायही आहे, पण तो नवख्याला जरा रुक्ष वाटेल.

सुरू करण्याआधी सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा 'बिटलॉकर' (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते पाहा. चालू असेल तर बंद करून उलगडणं पूर्ण होऊ द्या, आणि ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून कागदावर उतरवून घ्या. अनेकांना हे चालू असल्याचं माहीतच नसतं आणि बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) हात घातल्यावर मशीन ती की मागत बसतं.

आता ती एक चूक, जिच्यामुळे सगळं जातं. क्लोनच्या प्रोग्रॅममध्ये 'सोर्स' म्हणजे जुनी डिस्क आणि 'डेस्टिनेशन' म्हणजे नवी. उलटं झालं तर कोऱ्या डिस्कची नक्कल तुमच्या फोटोंवर बसते. 'डिस्क ०', 'डिस्क १' या क्रमांकांवर विसंबू नका. मॉडेलचं नाव आणि क्षमता वाचा. दोन्ही ५०० जीबीच्या असतील तर मॉडेल क्रमांक कागदावर लिहून समोर ठेवा. क्लोनच्या आधी वेगळी कॉपी घ्यायची ती याचसाठी.

एसएसडी जुन्या डिस्कपेक्षा लहान असेल तरी कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये सहसा चालतं, फक्त भरलेला माल तिच्यात मावायला हवा. मोठी असेल आणि क्लोननंतर शेवटी मोकळी जागा उरली तर 'डिस्क मॅनेजमेंट'मधून सी वाढवता येतो. 'एक्स्टेंड' फिक्कट दिसत असेल तर सी आणि मोकळ्या जागेच्या मधे छोटा रिकव्हरी भाग आडवा बसलाय असं समजा. बरेचसे क्लोन प्रोग्रॅम भागांचे आकार आधीच ठरवू देतात, ते पर्याय नीट बघितले की ही वेळ येत नाही.

उघडताना

शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा, म्हणजे मशीन पूर्ण बंद होईल. चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघत असेल तर काढा आणि पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. बॅटरी आत असेल तर मागचं झाकण उघडल्यावर सर्वात आधी तिचं कनेक्टर सोडवायचं, वायरला न ओढता, कनेक्टरच्या कडेला धरून.

झाकणाचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात आणि इथेच हौशी लोक लॅपटॉप जखमी करतात. आखूड जागी लांब स्क्रू पिळला की तो वरच्या बाजूला टचपॅडच्या शेजारी फुगवटा आणतो. कागदावर लॅपटॉपच्या पाठीचा आयत काढा आणि जो स्क्रू जिथून काढला तो कागदावर तिथेच ठेवा. झाकण निघत नसेल तर जोर लावू नका. एखादा स्क्रू रबरी पायाखाली किंवा डीव्हीडी ड्राइव्हच्या खाली लपलेला असतो. कडा सोडवायला जुनं एटीएम कार्ड उत्तम, चाकू नको.

डिस्क पत्र्याच्या चौकटीत चार स्क्रूंनी बसलेली असते. चौकट जशी निघाली तशीच एसएसडीला लावा, कनेक्टर सरळ रेषेत सरकवा. झाकण पूर्ण बंद करण्याआधी एकदा चालू करून बघा.

डेस्कटॉपमध्ये क्लोननंतर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क सोडवूनच ठेवा. दोन्ही डिस्कची ओळख एकच झालेली असते, त्यामुळे एकत्र जोडल्यावर विंडोज त्यांतली एक गुपचूप 'ऑफलाइन' करते. एकदा नव्यावर नीट चालू झालं की मग दुसरी जोडा.

'नो बूटेबल डिव्हाइस' आलं तर घाबरू नका. बायोसमध्ये जा (बहुधा एफ२ किंवा डिलीट) आणि एसएसडी यादीत दिसते का ते पाहा. दिसत नसेल तर कनेक्टर नीट बसलेला नाही. दिसत असेल तर बूटच्या क्रमात ती वर आणा. तरीही नाही, तर जुनी विंडोज 'लेगसी' पद्धतीची आणि बायोस 'यूईएफआय'वर, किंवा याच्या उलट, असं झालेलं असतं. या मशीन सुरू करायच्या जुन्या आणि नव्या पद्धती. पर्याय बदलून बघा. निळ्या पडद्यावर 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' आलं तर सॅटाची पद्धत एएचसीआय, रेड किंवा आयडीई यांपैकी आधी जी होती तीच आहे का ते तपासा. मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी मेली असेल तर ही सेटिंग्ज आपोआप मूळपदाला जातात. तिची दुसरी खूण म्हणजे तारीख मागे गेलेली, आणि त्यामुळे बँकेपासून सगळ्या साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून अडवतात. लोक इंटरनेटवाल्याला फोन करतात, दोष एका सेलचा असतो. सेल ३ व्होल्टचा, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो.

रॅमचं काय

४ जीबीवर आजचा ब्राउझर आणि विंडोज एकत्र नांदत नाहीत. ८ केली की घरचं काम निभतं. त्यापुढची वाढ फोटो-व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांसाठी. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर 'स्लॉट्स यूज्ड' पाहा; '२ पैकी १' असेल तर एक पट्टी वाढवता येईल. जात मात्र जुळायला हवी. जुन्या पट्टीच्या लेबलवर पीसी३एल असेल तर ती १.३५ व्होल्टची डीडीआर३एल, पीसी४ असेल तर १.२ व्होल्टची डीडीआर४. खाचांच्या जागा वेगळ्या असल्याने चुकीची पट्टी बसणारच नाही, बसवण्याचा हट्ट करू नका. विंडोज ३२ बिटची असेल तर ८ जीबी लावूनही ती सव्वातीन-साडेतीनच वापरते. ६४ बिटची टाकावी लागेल.

रॅम आणि एसएसडी यांत एकच परवडत असेल तर आधी एसएसडी. रॅम कमी पडली की विंडोज तात्पुरता माल डिस्कवर टाकते. ती डिस्क वेगवान असली की ४ जीबीचं मशीनही सुसह्य होतं. उलट ८ जीबी घालून फिरती डिस्क तशीच ठेवली तर सुरू होतानाचं रडगाणं संपत नाही. 'पीसी बूस्टर', 'रजिस्ट्री क्लीनर' असल्या प्रोग्रॅमवर मात्र रुपयाही घालवू नका. एसएसडीवर बाहेरचे डीफ्रॅग प्रोग्रॅमही चालवू नयेत. विंडोज तिला लागणारी निगा स्वतः राखते.

एक हिशेब आधीच करून ठेवा. विंडोज १० चा आधार (मोफत अपडेट्स) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा अपडेट्स नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. मशीन त्याहून जुनं असेल तर एसएसडी जरूर बसवा, पण बँकेचे व्यवहार करण्यासाठी लिनक्स मिंटसारखी फुकट प्रणाली टाकायची तयारी ठेवा. ती याच हार्डवेअरवर सुरेख चालते. मात्र टॅली आणि डिजिटल सहीची कामं असतील तर त्यासाठी विंडोजचंच नवं मशीन लागेल. एसएसडी तेव्हा काढून त्यात किंवा दुसरीकडे वापरता येते.

काढलेली जुनी डिस्क महिनाभर तशीच ठेवा, एखादी विसरलेली फाइल हमखास आठवते. तब्येतीला ठणठणीत असेल तर तिला चार-पाचशे रुपयांच्या आसपास मिळणारा यूएसबी डबा घाला आणि महिन्यातून एकदा बॅकअप घेऊन कपाटात ठेवा. जोडून ठेवू नका, कारण खंडणीखोर व्हायरस आला तर जोडलेल्या डिस्कही तो कुलूपबंद करतो. ती भंगारात द्यायची झाली तर 'क्विक फॉरमॅट' पुरत नाही. त्याने फक्त अनुक्रमणिका जाते, फोटो आणि आधार कार्डाच्या स्कॅन कॉप्या तशाच राहतात. 'क्विक'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा, एकच मोठा भाग करून. ५०० जीबीला दोन-तीन तास लागतील. डिस्क सुरूच होत नसेल तर चकतीला ड्रिलने दोन-तीन भोकं पाडा, डोळ्यांवर चष्मा लावून. लॅपटॉपच्या डिस्कमधल्या चकत्या बऱ्याचदा काचेच्या असतात आणि त्यांचा भुगा उडतो.